हरणाऱ्याचा चेहरा

नवा माणूस पुन्हा हरला आणि त्याने शांतपणे पुढच्या डावाचे पैसे चटईवर ठेवले.

दारात मासळीची पाटी घासत बसलेल्या शेवंतीचा हात थांबला.

स्टेशनजवळच्या पत्त्यांच्या क्लबचा परवाना सरकारने काढून घेतल्यापासून तिथले तिघे, आनंद, दामाजी आणि परशुराम, दुपारी कोपरीतल्या तिच्या खोलीत खेळायला येत. डावामागे तिला थोडे सुटत. पण धाड पडली, तर जिच्या घरात डाव तीच आधी आत. आणि हल्ली पोलीस आपलाच माणूस खेळायला बसवतात, नंबर लिहून घेतलेल्या नोटा देऊन, असं बाजारात सगळे सांगत. या त्र्यंबकला आनंदने आणलं होतं. मानपाड्याला कारखान्यात असतो म्हणे.

शेवंतीने जन्मभर मासळी विकली होती. भाव न करता पैसे टाकणारं गिऱ्हाईक तिला लांबूनच कळे. त्याच्या हातातला पैसा त्याचा नसतो.

"आनंद, यांना कुठून आनलास रे?"

"स्टेशनवर ओळख झाली. चांगला माणूस आहे, मावशी."

"दामाजी, पत्ते ठेव खाली." मग ती त्र्यंबककडे वळली. "दादा, पैसे कोनाचे?"

"म्हणजे?"

"हरताय तुमी, आनि कपालाला आठी नाय. सोताचा पैसा जाताना मानूस हलतो. हे कोनाचे?"

त्र्यंबक हातातले पत्ते नीट लावत राहिला.

"बायकोच्या ऑपरेशनसाठी साठवले होते," तो म्हणाला. "आता लागत नाहीत."

म्हातारा परशुराम खिडकीबाहेर पाहू लागला.

"पोलीसपन असंच सांगंल," दामाजी पुटपुटला.

शेवंतीने पाटी बाजूला सरकवली. दाराची वाट मोकळी झाली. त्र्यंबकने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला.

त्याच्या नोटा चटईवरच राहिल्या. त्यांना कुणी हात लावेना. शेवटी शेवंतीने त्या चिमट्याने उचलल्या आणि चुलीत टाकल्या.

धाड काही आली नाही. दुसऱ्या दिवशी तिघेच बसले. पहिला डाव परशुराम हरला. आयुष्यात कधी कुणाला अरे म्हणाला नव्हता तो. त्याने पत्ते चटईवर आपटले, कपाळ बडवलं, आनंदच्या आईचा उद्धार केला.

आणि हळूच मान वळवून, शेवंती बघतेय ना, ते पाहिलं.