पलीकडची जाळी

जरा सरकून बसा, बाळांनो, आमच्या गावच्या फुटबॉलची गोष्ट सांगते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून मध्यंतर झालं की आम्ही सगळे मैदानाला वळसा घालून पलीकडच्या जाळीमागे जायचो. आपली पोरं जिकडे गोल मारणार, तिकडेच उभं राहायचं, ही रीत. त्या शनिवारी खाणीच्या धुळीने छाती पोखरलेला विल्फ्रेड कठड्याला धरून म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच बघतो.” “तुझ्यासाठी कोण थांबतंय, म्हाताऱ्या? तिकडे चिखल आहे,” चहावाली एडना म्हणाली. कुणीच हललं नाही. आमच्याच जाळीमागे उभं राहून आम्ही आमच्यावर झालेले तीन गोल निमूट पाहिले. “माझ्यापायी हेच बघायला थांबलात होय?” तो हसला, खोकला. बुधवारी आम्ही स्तोत्रं गात त्याला पुरलं. शनिवारी मध्यंतर झालं, आणि पलीकडे जायला कुणाचाच पाय उचलेना. देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या विल्फ्रेडलाही आठवा.