जुन्या मालकाचा खुबा

सतरंजी झटकायला काठी उचलली, की कुमुदिनीबाईंचा नवा खुबा आपणहून गर्रकन डावीकडे वळायचा. हालचाली शिकून लक्षात ठेवणारा हा कृत्रिम सांधा आधी दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरात होता.

"आधीचे मालक गोल्फ खेळायचे," दवाखान्यातला तंत्रज्ञ फोनवर म्हणाला. "त्या खेळाची आठवण खुब्यातून पुसायची राहिली. संध्याकाळी या, पुसून देतो."

"त्याआधी बघू तरी, या खुब्याला करायचंय काय," म्हणत बाई गोल्फ शिकणाऱ्या भाचीबरोबर थेट मैदानावर गेल्या.

पहिला चेंडू जागचा हलला नाही. खुबा वळला खरा, पण त्याच्याआधीच खांदा पुढे धावला होता.

"मावशी, खांद्याला कसली गं घाई? आधी कंबर वळू दे, खांदा मागून येतोच."

"आयुष्यभर सगळं त्यानंच ओढलंय, बाई. मागून यायची त्याला सवयच नाही."

दुसऱ्यांदा त्यांनी खांदा सैल सोडला. कंबर वळली, तिच्यामागून खांदा आला, मग हात आले, आणि चेंडू उडून पार झाडांपलीकडे गेला. बाई कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिल्या.

संध्याकाळी तंत्रज्ञाने विचारलं, "पुसू ना?"

"खुब्याचं राहू दे," बाई म्हणाल्या. "खांद्याचं काही पुसता येतं का, ते बघ."