नाव घातलेली वाटी

काच वितळवायची विजेची भट्टी कोरगावच्या घरी टाकून सगुण इंग्लंडला गेला. आता त्याची आई, चंद्रावतीबाई, एकट्याच ती चालवतात. घरातल्या स्टीलच्या वाट्या हेच त्यांचे साचे. वाटीवर कोरलेलं नाव आधी पॉलिश पेपरने घासून काढायचं, वाटी तापवून तिला काच चिकटू नये म्हणून पातळ पांढरा लेप द्यायचा, मग ती भट्टीत पालथी घालून वर काच ठेवायची; मऊ झालेली काच वाटीचा आकार घेते. नाव राहिलं तर काचेत उमटतं, हे सगुणनेच त्यांना शिकवलेलं.

सगुणला पाठवायच्या वाटीचा साचा मात्र त्यांनी घासलाच नाही.

"गे, तुझा नाव घासूक इसारलंस?" शेजारच्या सुलोचनेने विचारलं.

"इसारूक नाय. नाव आसला काय दिलेला भांडा परत घराक येता. सगुणच घेवन येतलो."

दोन महिन्यांनी पोस्टमन पार्सल परत घेऊन आला. वर शेरा होता, 'या पत्त्यावर आता कोणी राहत नाही.' चंद्रावतीबाईंनी ते उघडलं. वाटीला साधा टवकाही उडाला नव्हता, आणि काचेत 'चंद्रावती' स्वच्छ वाचता येत होतं.



भांडं तेवढं घरी आलं होतं.