साठ मिनिटांचं लेबल

कृष्णकांत साहेबांच्या कारखान्यातून आगीच्या चाचणीला एकच दरवाजा गेला, तो अस्सल सागवानाचा. भट्टीत साठ मिनिटं टिकला, सर्टिफिकेट मिळालं. मग त्याच सर्टिफिकेटचं पितळी लेबल शेकडो दरवाज्यांवर ठोकलं गेलं, आणि त्या दरवाज्यांच्या पोटात साहेबांच्या हुकमावरून बळीराम मिस्त्रीने लाकडाचा भुसा भरला.

हुडकेश्वरच्या होस्टेलला आग लागली तेव्हा असाच एक दरवाजा नऊ मिनिटांत कोसळला. त्याच्या आड जीव मुठीत धरून बसलेली स्वतःची लेक, मेघा, बळीरामला मनगटावरच्या घड्याळावरून ओळखावी लागली.

महिन्याभराने, जेवणाच्या सुट्टीत, बळीराम केबिनमध्ये शिरला. साहेबांची मान धरून त्याने तोंड टेबलावर आपटलं, दोनदा. मग बाहेर येऊन कडी घातली आणि थिनरचा आख्खा डबा दरवाज्यावर ओतला.

आतून साहेब रक्त थुंकत हसले. "पेटव गा, पेटव. दहा मिनिटांत बंब येते अन् तू जेलात जाशीन. माह्या केबिनचा दरवाजा आहे हा. त्याच्यावरचं लेबल वाच. साठ मिनिटं."

बळीरामने काडी ओढली.



"वाचलं, साहेब. लेबल लावाचं त्या दरवाज्यात लाकूड वाया घालवाचं नाही, असं तुम्हीच सांगतलं होतं मले."