दादाकडची पत्रिका

कित्येक वर्षांच्या अबोल्यानंतर दादाच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची फाइल आली, तेव्हा शरयूला भरून आलं. उघडताना फोनने भराभर परवानग्या मागितल्या. तिने सगळ्यांना होकार दिला. म्हणजे भाचीचं लग्न ठरलं! बारशाला आत्या म्हणून तिनेच त्या पोरीच्या कानात नाव सांगितलं होतं.

ती पैठणी काढत होती, तोच दादाचा फोन आला.

"ती फाइल उघडू नकोस. व्हायरस आहे. माझ्या फोनमधून आपोआप सगळ्यांना जातेय."

"उघडली रे. मला वाटलं, तूच बोलावलंस."

"पत्रिका कधी परवानग्या मागते का? एवढंही कळू नये?"

"चुकलंच. पण लग्न कधी आहे?"

"झालं ते. मागच्या महिन्यात."

तिने पैठणी कपाटात ठेवली. तोवर तिच्याही फोनवरून ती फाइल सुटली होती.

मैत्रिणीचा मेसेज आला, "पत्रिका मिळाली गं! कुणाचं लग्न?"