निकाल टपालाने

"ही टपालाची पिशवी नव्हे," बेलापूरच्या कस्टम कचेरीतले साहेब म्हणाले. "ही बाजारातली पिशवी. टपालात एक दिवस टिकायची नाही."

सितारामने मान खाली घातली. नावड्याच्या त्याच्या शेडमध्ये चाळीस हजार प्लास्टिक पिशव्या गठ्ठे बांधून तयार होत्या. दुबईच्या गिऱ्हाइकाने टपालाच्या, पाकिटाऐवजी वापरायच्या पिशव्या मागवल्या होत्या. बोटीच्या कागदांवर 'बाजारपिशवी' असा वर्ग पडला, की तो माल घेणार नव्हता. मग शेडला कुलूप आणि मशीनवरच्या अकरा बायका घरी.

शेडची कागदपत्रं सांभाळणारी जयमाला शेजारी उभी होती. तिने मान खाली घातली नाही.

"लेखी द्या, साहेब."

"तासाभरात टाइप होईल. बसा बाहेर."

"हातात नको. रजिस्टर टपालानं पाठवा."

साहेब हसले. बाईला फार कायदा येतो, असं सितारामला म्हणाले. नमुन्याच्या तीन पिशव्या ठेवून जा, एवढं सांगून त्यांनी फाइल मिटली.

बाहेर छप्पर गळत होतं. जावक टेबलावरचा कारकून ओली पाकिटं पंख्याखाली पसरत बसला होता. जयमालाने शंभर पिशव्यांचा अख्खा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि नमुने आहेत म्हणून सांगितलं.

जिन्यात सिताराम उखडला. "तीन मांगल्या त्यानं. तू त्याचं घर भरून आलीस. आनि निकाल टपालानं कशाला? चार दिस फुकट."

"चार दिवसांनी बोलू, शेठ."

शेडमध्ये मग तोच विषय. साहेबाच्या बायकोची वर्षभराची भाजी आणायची सोय झाली, असा मशीनवरच्या रखमाने टोमणा मारला. जयमाला अपिलाचा अर्ज टाइप करत राहिली. मजकूर दोनच ओळींचा, खाली 'सोबत पुरावा एक'. कसला पुरावा, ते ती सांगेना.

पाचव्या दिवशी धो धो पावसात पोस्टमन आला. त्याच्या झोळीतून पाणी निथळत होतं. सिताराम सही करीपर्यंत जयमालाने टपाल घेतलं, कात्रीने कडेनं अलगद कापलं आणि आतला कागद त्याच्या हाती दिला.

टपालास अयोग्य. वर्ग: बाजारपिशवी. सितारामने दोनदा वाचलं. कागद कोरडा ठणठणीत होता.

"संपलं," तो म्हणाला.

जयमालाने अर्जाला टाचणीने पुरावा लावला. त्यांच्याच शेडमधली, नुकतीच कडेनं कापलेली पिशवी होती ती, वर कचेरीचा शिक्का आणि टपालाचे दोन.