चावी काढल्यावर

कोंडाजीनं चावी फिरवली, उपसून हातात घेतली, तरी इंजिन थांबलं नाही. उलट चढतच गेलं. आधी घरघर, मग किंकाळी. मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि नाशिक रोडच्या फूलबाजारातली अर्धी गल्ली त्यात दिसेनाशी झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. मालकाला स्टेशनवर सोडून कोंडाजी गाडीच्या पूजेसाठी झेंडू घ्यायला इकडं वळला होता. गर्दीतून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाच तिनं उसळी मारली आणि फूलवाल्या भिमाबाईच्या झेंडूच्या ढिगात घुसली. कोंडाजीनं ब्रेक आणि क्लच, दोन्ही तळापर्यंत दाबले. गाडी थांबली. इंजिन ओरडतच राहिलं.

काय झालंय ते त्याला कळलं होतं. मागच्याच आठवड्यात गॅरेजवाल्यानं हवेच्या नळ्या खोलून डांबरासारखा साचलेला कार्बन खरवडून काढला होता. नळ्या साफ झाल्या, गाडी पुन्हा ओढायला लागली. पण इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोतून ऑइल गळतंय, तो बदला, नाहीतर एक दिवस हे इंजिन स्वतःचंच ऑइल पिईल, असंही तो म्हणाला होता. "दसरा होऊ दे," एवढंच मालक बोलले होते. चावी काढली की इंजेक्टर बंद होतात, डिझेल तुटतं. पण आता इंजिन डिझेलवर चाललंच नव्हतं, स्वतःच्याच ऑइलवर चाललं होतं.

त्यानं गिअरकडं हात नेला. तेवढ्यात डावीकडचं दार उघडून कुणीतरी त्याचं मनगट पकडलं.

"रेस सोड! रेस सोड रे!"

"रेसवर पाय नाय माझा! हात सोडा, गिअर काढू द्या!"

इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही. उजवीकडचं दार उघडलं. भिमाबाईचा लेक धोंडीराम आत वाकला आणि त्याचा पहिला ठोसा कोंडाजीच्या नाकावर बसला. दुसरा डोळ्यावर.

"माझ्या आईच्या अंगावर घालतो? प्यालाय साला!"

कोंडाजीनं मूठ उघडून चावी पुढं केली. "ही बघा! चावी काढलीय!" धोंडीरामनं त्या हातावरच फटका मारला. चावी फुलांत कुठंतरी पडली. मागून कुणीतरी काठी घातली, ती खांद्यावर बसली. रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं. कोंडाजीनं ढाल म्हणून हात वर घेतला नाही; डावा धरलेला होता, उजव्यानं त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. त्याचा सगळा जीव दोन पायांत होता.

पुढं, गाडी आणि सिमेंटचा ओटा यांच्या मधल्या जागेत, भिमाबाई तुडवलेल्या माळा गोळा करत होती.

"मला ओढू नका! पाय सुटला तर गाडी उडंल! म्हातारी हाय पुढं!"

धोंडीरामनं त्याची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि जोर लावून त्याला बाहेर खेचलं.

गाडी सुटली. जमिनीवर पडता पडता कोंडाजीला लोखंड ओट्यावर आदळल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ भिमाबाईचा. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती, फुलांचा चिखल उडवत होती.

लोक पळाले. ज्यांनी काठ्या उगारल्या होत्या ते सगळ्यांत आधी. धोंडीराम आईकडं धावला आणि बंपरला खांदा लावून वेड्यासारखा रेटू लागला. कोंडाजी गुडघ्यांवर सरपटत उघड्या दारापर्यंत गेला, आत हात घालून त्यानं गिअरचा दांडा ओढून न्यूट्रलला आणला. चाकं थांबली. गाडी हातभर मागं आली. भिमाबाई ओट्याला घसरत खाली बसली. तिचा उजवा पाय नडगीतून भलतीकडं वळला होता.

इंजिन अजून किंचाळत होतं. बॉनेट थरथरत होतं. आता इंजिन फुटणार, आणि फुटलं तर त्याचे तुकडे आधी ओट्याकडंच जाणार. कोंडाजीनं बॉनेट उचललं. फुलांवर झाकलेलं ओलं गोणपाट ओढून घेतलं, हवेची जाड नळी फिल्टरमधून हिसडून काढली आणि तिच्या तोंडात गोणपाट कोंबून वर छाती टेकली. नळीनं गोणपाट आत ओढलं. गरम पत्र्यावर त्याची कोपरं भाजली, तरी तो हलला नाही. हवा तुटली तसं इंजिन गचके देत, खोकत, एकदाचं मेलं.

बाजार इतका शांत झाला की कुठल्याशा टपरीतला रेडिओ ऐकू येऊ लागला.

कोंडाजी वळला. समोर धोंडीराम होता. त्यानं तराजूतलं पाच किलोचं वजन उचललं होतं. हात डोक्याच्या वर गेला होता. कोंडाजीनं डोळे मिटले. पळायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

"धोंड्या!"

भिमाबाईचा आवाज फाटला होता. लुगड्यावर रक्त पसरत होतं. तिनं ओट्याला डोकं टेकलं होतं, पण नजर कोंडाजीवर होती.

"मारू नको त्याला. तुमी हात धरले व्हते त्याचे. मार खाताना सारखा माझ्याकडं बघून मान हलवत व्हता काचंतून, सरक सरक म्हनून."

तिनं थांबून दम घेतला.

"मला तवा वाटलं, फुलांचं नुकसान झालं म्हनून माफी मागतोय. मी हातानंच म्हटलं त्याला, राहू दे बाबा."